अँटिबायोटिकची पहिली गोळी

जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी सातनंतर ठाण्यातल्या कुठल्याही दवाखान्यात डोकावा. कोपरी, कळवा, वर्तकनगर, कुठेही. बाकड्यावर जागा नसते आणि आत जाणाऱ्या जवळपास प्रत्येकाची तक्रार तीच असते: ताप, अंगदुखी, डोकं जड. तक्रार एक असली तरी कारणं निदान पाच असू शकतात. डेंग्यू आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. मलेरिया डास चावल्यावर रक्तात शिरणाऱ्या परजीवीमुळे होतो, त्याची औषधं वेगळी. टायफॉइड आणि लेप्टो हे जिवाणूंचे आजार. या पाचांपैकी अँटिबायोटिक मुळावर घाव घालतं ते फक्त शेवटच्या दोघांत. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही घरांत चहाच्या कपाशेजारी अँटिबायोटिकची स्ट्रिप पडलेली असण्याची शक्यता बरीच असते.

मी ठाण्यात एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीचं काम करते. रुग्णाच्या रक्तातले, लघवीतले, पुवातले जंतू वाढवायचे, ओळखायचे आणि कुठल्या औषधाने ते मरतात हे बघायचं, हे माझं काम. लोकांना अँटिबायोटिकबद्दल एक सूचना तोंडपाठ असते: ‘कोर्स पूर्ण करा.’ ही सूचना शेवटच्या गोळीबद्दल आहे. मला पहिल्या गोळीबद्दल लिहायचं आहे. ती घ्यायची का, घ्यायची तर कुठली, आणि ती तोंडात टाकण्याआधी कुठला नमुना द्यायचा, हे तीन निर्णय नीट झाले तर पुढचं बरंचसं सोपं होतं. ते चुकले तर शेवटची गोळी कितीही निष्ठेने घेतली तरी फारसा फायदा नाही.

जंतू म्हणजे नेमकं कोण

जिवाणू म्हणजे एकच पेशी असलेला जीव. आपल्या पेशीत डीएनए एका वेगळ्या केंद्रकात असतो; जिवाणूत केंद्रक नसतं. लांबी साधारण एक ते पाच मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर काहीशे जिवाणू सहज मावतील. विषाणू त्याहून कितीतरी लहान, आणि त्याला पेशीच नसते. प्रथिनांच्या आवरणात गुंडाळलेलं थोडंसं जनुकीय साहित्य, एवढंच त्याचं शरीर. त्याला स्वतः वाढता येत नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच स्वतःच्या प्रती काढून घेतो. हा फरक इथे थोडा लक्षात ठेवा, औषधांकडे आलो की तो लागणार आहे.

जिवाणूची खरी ताकद त्याच्या वाढीच्या वेगात आहे. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. सात तासांत असं एकवीस वेळा झालं तर एका जंतूचे जवळपास एकवीस लाख होतात. शरीरात त्याला इतकं मोकळं रान मिळत नाही, आपली प्रतिकारशक्ती सतत कापाकापी करत असते. पण संध्याकाळी किरकिरं वाटणारं बाळ पहाटे एकदम गळून का जातं, याचं उत्तर बऱ्याचदा या हिशोबात असतं. याउलट टीबीचा जंतू. त्याला एकदा दुप्पट व्हायला पंधरा ते वीस तास लागतात. म्हणून टीबी महिनोन्महिने चोरपावलांनी वाढतो आणि उपचारही महिनोन्महिने चालतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. बहुतेक जिवाणूंशी आपलं काही वैर नाही. आपल्या अंगात आपल्या स्वतःच्या पेशी जितक्या, साधारण तितकेच जिवाणू असतात आणि त्यांतले बहुसंख्य आतड्यात राहतात. प्रश्न जागेचा असतो. तोच ई. कोलाय आतड्यात असतो तोवर कुणाला पत्ता नसतो; मूत्राशयात पोचला की लघवीला जळजळ सुरू होते. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू कित्येक निरोगी माणसांच्या नाकात सुखाने राहतो, आणि शस्त्रक्रियेच्या जखमेत गेला तर पू करतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये जंतूचं नाव आलं म्हणजे आजार सापडला, असं नसतं. साठी-सत्तरीच्या कित्येक बायकांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू वाढतात. गरोदरपण किंवा मूत्रमार्गाची एखादी शस्त्रक्रिया समोर नसेल तर त्यांना अँटिबायोटिक देऊ नये असाच वैद्यकीय नियम आहे. पण रिपोर्टवर ठळक अक्षरांत नाव छापून आलं की घरचे घाबरतात आणि ‘काहीतरी द्याच’ म्हणतात.

आजार होतो तो मुख्यतः दोन वाटांनी. काही जंतू विष तयार करतात. धनुर्वात, घटसर्प, कॉलरा ही या वाटेची उदाहरणं. लग्नाच्या जेवणानंतर दोन-चार तासांत पंगतच्या पंगत उलट्या करू लागते, तेव्हा बऱ्याचदा अन्नात आधीच तयार होऊन बसलेलं स्टॅफिलोकोकसचं विष त्याला कारण असतं. ते विष उकळूनही नीट नष्ट होत नाही, आणि त्यावर अँटिबायोटिकचा काहीच उपयोग नसतो, कारण मारायला तिथे जंतू असेलच असं नाही. कॉलऱ्यातसुद्धा माणसाला वाचवतं ते आधी पाणी आणि मीठ-साखर. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी ओआरएसवर असंख्य रुग्ण तारले. जुलाबाला ‘बंद करणारी’ अँटिबायोटिकची गोळी आधी आणि ओआरएस नंतर, हा आपल्याकडचा क्रम मला अजूनही अस्वस्थ करतो.

दुसरी वाट म्हणजे जंतू ऊतींमध्ये घुसतात आणि आपलं शरीर त्यांच्याशी जोरात लढतं. ताप, सूज, पू हे बरंचसं त्या लढ्याचं फळ. इथे एक व्यवहाराची गोष्ट: गळू पिकून पू साठला असेल तर गोळ्या खाऊन तो जिरेल या आशेवर राहू नका. त्या पोकळीत औषध नीट पोचत नाही. पू काढून टाकणं हाच मुख्य उपचार, औषध त्याच्या जोडीला.

औषध जंतूला मारतं, आपल्याला का नाही

अँटिबायोटिकची सारी कल्पना एका फरकावर उभी आहे: जंतूकडे असं काहीतरी हवं, जे आपल्या पेशीकडे नाही किंवा वेगळं आहे. तेवढ्याच जागी घाव घालायचा.

पहिली जागा म्हणजे भिंत. जिवाणूच्या पेशीभोवती एक कडक भिंत असते, आपल्या पेशीला ती नसते. आतला दाब इतका असतो की भिंत कच्ची राहिली तर जंतू फुटतो. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफिक्सिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, मेरोपेनेम ही सगळी एकाच मोठ्या कुळातली औषधं, आणि ती ही भिंत बांधणाऱ्या प्रथिनांना जखडून टाकतात. दुसरी जागा रायबोसोम, म्हणजे पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रणा. ती आपल्याकडेही आहे, पण जंतूची बांधणी वेगळी. अ‍ॅझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, जेंटामायसिन, अमिकॅसिन तिथे काम करतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि त्याची भावंडं जंतूचा डीएनए उलगडणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) अडवतात. सल्फा आणि ट्रायमेथोप्रिमची जोडी जंतूला फॉलिक आम्ल बनवू देत नाही. आपण ते अन्नातून घेतो, जंतूला स्वतः करावं लागतं.

आता विषाणू आठवा. त्याला भिंत नाही, रायबोसोम नाही. सर्दीवर अ‍ॅझिथ्रोमायसिन घेतलं तर ते औषध घाव घालणार कुठे? डोस वाढवून किंवा ‘पॉवरची’ गोळी आणून यात काही बदलत नाही. आणि कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे जिवाणू आले, हाही ठाम समज आहे. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि साध्या विषाणूच्या सर्दीतही येतो.

पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना लागला, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. मला त्यापुढचा प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. फ्लोरी आणि चेन यांच्या ऑक्सफर्डच्या गटाने १९४१ साली चेहऱ्याच्या भयंकर जंतुसंसर्गाने मरणाच्या दारात असलेल्या एका पोलिसाला पेनिसिलिन दिलं. तो झपाट्याने सुधारू लागला. पण औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून परत काढून त्यालाच टोचावं लागत होतं. शेवटी साठा संपला, संसर्ग उलटला आणि तो गेला. औषध योग्य होतं, पुरेसं नव्हतं. पुढे चार वर्षांत पेनिसिलिन कारखान्यांत बनू लागलं, १९४५ साली तिघांना नोबेल मिळालं, आणि १९५४ साली आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली.

जंतूंच्या दोन मोठ्या गटांबद्दलही इथेच सांगते, कारण रिपोर्टवर ते शब्द येतात. १८८४ साली हान्स ख्रिस्तियन ग्राम या डॅनिश डॉक्टरने जंतू रंगवण्याची एक पद्धत काढली. काही जंतू जांभळे दिसतात, ते ग्राम पॉझिटिव्ह. काही गुलाबी, ते ग्राम निगेटिव्ह. रंगातला फरक भिंतीतल्या फरकामुळे येतो. गुलाबी गटाला भिंतीबाहेर आणखी एक पातळ पडदा असतो आणि पुष्कळ औषधं तो ओलांडूच शकत नाहीत. म्हणून पुवाचा नमुना आला की आम्ही आधी हा रंग देऊन बघतो. पाव तासात होणारी, अगदी स्वस्त तपासणी, पण डॉक्टरांचा निर्णय अर्ध्याने सोपा करते.

टायफॉइड, आणि आधी नमुना का

पहिली गोळी का महत्त्वाची हे टायफॉइडइतकं स्पष्ट दुसरा कुठला आजार दाखवत नाही.

साल्मोनेला टायफी हा जंतू फक्त माणसात राहतो. रुग्णाच्या किंवा वाहकाच्या विष्ठेतून पाण्यात-अन्नात येतो, आतड्याची भिंत ओलांडतो आणि यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा इथे पोचतो. तिथे तो आपल्याच संरक्षक पेशींच्या आत जाऊन राहतो. शिरल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा एक-दोन आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात तो रक्तात सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तरीही रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, साधारण निम्म्या-साठ टक्के रुग्णांतच जंतू पकडतं, कारण रक्तातली त्यांची संख्याच कमी असते. त्यात दोन दिवस आधीच कुठली तरी अँटिबायोटिक पोटात गेली असेल तर ही शक्यता आणखी घसरते. जंतू पुरते मेलेले नसतात, पण बाटलीत वाढण्याइतके धडही नसतात. मग आमच्याकडून पाच दिवसांनी ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट जातो, रुग्णाचा ताप तसाच असतो आणि डॉक्टरांच्या हातात काहीच उरत नाही.

त्या जागी आपल्याकडे विडाल तपासणी होते. १८९६ सालची ही पद्धत जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) मोजते. ज्या भागात टायफॉइड नेहमीचा आहे तिथे ती जुन्या संसर्गामुळेही असतात, दुसऱ्याच आजारातही वाढलेली दिसतात आणि पहिल्या आठवड्यात खऱ्या रुग्णात नसतातही. एका विडालवर ‘टायफॉइड झालाय’ म्हणून आठ-दहा दिवसांची इंजेक्शनं सुरू झालेली बघितली की मला वाईट वाटतं. त्याच पैशांत थोडी भर घालून कल्चर झालं असतं.

कल्चर म्हणजे काय करतो? मोठ्या माणसाचं एका बाटलीसाठी आठ-दहा मिलिलिटर रक्त घेतो. ते जास्त वाटतं, पण मिलिलिटरला एखादाच जंतू असेल तर एवढं लागतंच. बाटलीत जंतूंचं अन्न असतं. ती यंत्रात ठेवतात; जंतू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि यंत्र इशारा देतं. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत. मग ते जंतू बशीतल्या अगार नावाच्या जेलीवर पसरून त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवतात, किंवा यंत्रावर तपासतात. चकतीभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ किती मोठं, त्यावरून औषध चालेल की नाही ते ठरतं.

रिपोर्टवर प्रत्येक औषधापुढे एस किंवा आर असं लिहिलेलं असतं. एस म्हणजे जंतू दाद देतो, आर म्हणजे देत नाही. मधल्या स्थितीला आय. कधी शेजारी एमआयसीचा आकडा असतो, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण. इथे बरेच सुशिक्षित लोक फसतात. ‘या औषधाचा आकडा सगळ्यात कमी आहे, हेच द्या’ म्हणतात. दोन वेगवेगळ्या औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. प्रत्येक औषध रक्तात किती प्रमाणात पोचतं हे वेगळं, म्हणून प्रत्येकाची सीमारेषा वेगळी. आणि टायफॉइडमध्ये आणखी एक गंमत, नाही, धोका आहे. जेंटामायसिन बशीत हा जंतू मारतं, रुग्णात मारत नाही, कारण जंतू पेशीच्या आत बसलाय आणि जेंटामायसिन तिथे नीट शिरत नाही. म्हणून जबाबदार लॅब साल्मोनेलाच्या रिपोर्टवर जेंटामायसिनपुढे एस लिहीतच नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन उलट पेशींच्या आत साठतं, म्हणून ते चालतं.

एकेकाळी टायफॉइडवर क्लोरॅम्फेनिकॉल हेच औषध होतं. जंतू त्याला सरावले, मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आलं, आणि आज भारतातले बहुतांश टायफॉइडचे जंतू त्यालाही पुरती दाद देत नाहीत. सध्या भिस्त सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, सेफिक्सिम आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनवर आहे. पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला; तिथे तोंडाने घ्यायचं अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि शिरेतून द्यायचं मेरोपेनेमसारखं औषध, एवढंच हाती उरलं.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी. टायफॉइडवर अगदी योग्य औषध सुरू झालं तरी ताप उतरायला चार-पाच दिवस लागू शकतात. तिसऱ्या दिवशी ‘गुण नाही’ म्हणून डॉक्टर बदलायचा, नवा डॉक्टर औषध बदलतो, आणि पाचव्या दिवशी ताप उतरला की श्रेय दुसऱ्याला. असं करू नका. कल्चर झालेलं असेल तर त्या तिसऱ्या दिवशी वाद घालण्यासारखं काही नसतं, कागद समोर असतो.

याच आजाराविरुद्ध खाडीच्या पलीकडे एक मोठं काम झालंय. २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने टायफॉइडची नवी कॉन्ज्युगेट लस नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत दिली. सरकारी यंत्रणेतून ही लस देणारी ती देशातली पहिली महापालिका. पहिल्याच टप्प्यात एक लाखाहून जास्त मुलांना ती टोचली गेली, आणि नंतरच्या अभ्यासात तिचा चांगला उपयोग झाल्याचं दिसलं. बेलापूर-वाशी-घणसोलीतल्या आयांनी रांगा लावून पोरांना लस दिली, याबद्दल मला मनापासून आदर आहे. जो टायफॉइड झालाच नाही, त्याला कुठलीच गोळी लागत नाही.

लेप्टोचं मात्र वेगळं आहे. वंदना टॉकीजजवळच्या तुंबलेल्या पाण्यातून पायाला जखम असताना चालत गेलात, त्या पाण्यात उंदराचं मूत्र मिसळलेलं असलं, तर बहुधा पाच ते चौदा दिवसांत ताप येतो, पोटऱ्या प्रचंड दुखतात, डोळे लाल होतात. हा जंतू आमच्या नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाही आणि रक्तातली प्रतिपिंडं दिसायला आठवडाभर जातो. इथे डॉक्टर संशयावरच डॉक्सिसायक्लिन किंवा इंजेक्शन सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून डॉक्टरांना ‘मी पाण्यातून चाललो होतो’ हे सांगायला विसरू नका. ते एक वाक्य कित्येक तपासण्यांपेक्षा उपयोगी पडतं.

आठ तास, दूध आणि ‘कोर्स’

‘दिवसातून तीन वेळा’ म्हणजे नाश्ता, जेवण, जेवण असं नसतं. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं काम करतात ती रक्तातलं त्यांचं प्रमाण एका पातळीच्या वर जितका वेळ राहील तितका वेळ. सकाळी नऊ, दुपारी एक, रात्री नऊ अशा गोळ्या घेतल्या तर रात्रीनंतरच्या बारा तासांत ते प्रमाण पार खाली येतं. साधारण आठ-आठ तासांचं अंतर ठेवा. अमिकॅसिनसारख्या औषधांचं उलट, तिथे एकदम उंच पातळी गाठणं महत्त्वाचं, म्हणून ती बऱ्याचदा दिवसातून एकदाच देतात.

‘अँटिबायोटिक गरम पडतं’ म्हणून दुधाबरोबर गोळी देण्याची पद्धत घरोघरी आहे. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या बाबतीत ते चुकीचं आहे. दुधातलं कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं आणि ते रक्तात कमी जातं. लोहाच्या गोळ्या आणि अ‍ॅसिडिटीचं पांढरं औषधही तसंच. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिकेला इजा होते.

आता कोर्सबद्दल. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्या, मनाने थांबवू नका. हे मी बदलत नाहीये. पण त्यामागचं कारण लोकांना वाटतं तसं नाही. ठरलेल्या दिवसांपेक्षा एक गोळी कमी पडली की जंतू शेफारतात, असं सरसकट नसतं. उलट अनेक आजारांत छोटे कोर्स पुरेसे आहेत असं आता दिसून आलंय. साध्या न्यूमोनियात रुग्ण नीट सुधारत असेल तर पाच दिवस बहुधा पुरतात. स्ट्रेप्टोकोकसमुळे दुखणाऱ्या घशाला पेनिसिलिन दहा दिवस देतात, ते पुढे मुलाच्या हृदयाच्या झडपांवर घाला घालणारा संधिवाताचा ताप टळावा म्हणून. टीबीला सहा महिने, कारण तो हळू वाढतो, काही जंतू झोपल्यासारखे पडून राहतात, आणि एकच औषध दिलं किंवा मधेच सोडलं तर प्रतिरोधक, म्हणजे औषधाला दाद न देणारे, जंतू खरोखरच वर येतात. तिथे चार औषधं एकत्र सुरू करतात ती याचसाठी. टीबीची औषधं बऱ्या वाटण्यावर सोडणं हा सगळ्यात महाग पडणारा निर्णय आहे.

प्रतिरोध कुठे तयार होतो

अँटिबायोटिक गिळली की ती फक्त घशातल्या किंवा मूत्राशयातल्या शत्रूपुरती जात नाही. अंगातल्या सगळ्या जिवाणूंवर तिचा मारा होतो. आतड्यातले साधे, निरुपद्रवी जंतू मरतात आणि ज्यांच्याकडे योगायोगाने बचावाची सोय आहे ते मागे उरतात, मोकळ्या जागेत वाढतात. बचावाच्या सोयी अनेक: औषध तोडणारं विकर, औषध बाहेर फेकणारा पंप, औषध जिथे चिकटतं त्या जागेचा बदललेला आकार. पेनिसिलिन तोडणारं विकर १९४० सालीच सापडलं होतं, औषध बाजारात येण्याच्याही आधी. अमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्युलॅनिक आम्ल देतात ते हेच विकर निकामी करायला.

याहून गंभीर म्हणजे ही सोय एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडेही जाते. प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर ती जनुकं असतात आणि जंतू ती एकमेकांना देतात. सर्दीसाठी विनाकारण घेतलेल्या सेफिक्सिमने आज काही दिसत नाही. सहा महिन्यांनी त्याच बाईला मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, तेव्हा आमच्या बशीत ई. कोलायभोवती सेफिक्सिमचं वर्तुळच उमटत नाही. ही बशी मी आता रोज बघते.

२०१९ साली जगात प्रतिरोधक जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले असा अंदाज आहे. सरकारने काही पावलं उचलली आहेत. सेफिक्सिमसारखी तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन, मेरोपेनेमचं कुळ आणि टीबीची औषधं २०१४ पासून एच-वन यादीत आहेत; मेडिकलवाल्याने ती चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि विक्रीची नोंद तीन वर्षं जपून ठेवावी असा नियम आहे. स्ट्रिपवरची उभी लाल रेघ तुम्ही बघितली असेल. तिचा अर्थ, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे घेऊ नका.

आमच्या शेजारच्या काकू परवा दारात आल्या. “अगं, मागच्या खेपेला डॉक्टरांनी हीच दिली होती. तीन उरल्यात, घेऊ का?” मी म्हटलं, “काकू, मागच्या खेपेला घसा होता, आता लघवीला जळजळतंय. आधी स्वच्छ बाटलीत लघवी द्या. पहिली धार सोडून मधली घ्या. मग डॉक्टरांना दाखवा, गोळी त्यानंतर.” नमुना द्यायला पाच मिनिटं लागली. मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटोइन किंवा फॉस्फोमायसिनसारखी जुनी औषधं आजही चांगली चालतात. त्यांच्याआधी भारी औषधाकडे जायची गरज सहसा नसते.

डॉक्टरांना विचारायला लाजू नका: “तुम्हाला हा जिवाणूचा आजार वाटतोय का? गोळी सुरू करण्याआधी कल्चर पाठवायचं का?” चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. बऱ्याचदा तोच सांगतो की दोन दिवस थांबू, पॅरासिटामॉल आणि पाणी पुरेसं आहे. थांबायला सांगणारा डॉक्टर तुमची काळजी घेतोय, हे मनापासून मानायला हवं.

थांबायचं नाही अशाही वेळा आहेत, आणि त्या ओळखता यायला हव्यात. तापात माणूस असंबद्ध बोलू लागला, झोपेतून नीट जागा होईना, श्वास भराभर चालू लागला, हातपाय गार पडले, लघवी जवळपास थांबली. मान ताठ झाली, किंवा अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे डाग आले. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, किंवा केमोथेरपी चालू असलेल्याला आला. अशा वेळी गल्लीतल्या दवाखान्यात रांगेत बसू नका. १०८ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात जा. रक्तात पसरलेल्या अशा संसर्गात पहिला डोस तासाभराच्या आत शिरेत जायला हवा असतो. कल्चरची बाटली तेव्हाही भरतात, सुई लावतानाच, त्याला काही मिनिटंच लागतात. मेंदूज्वराचा दाट संशय असेल आणि पाठीतलं पाणी काढायला उशीर होणार असेल, तर डॉक्टर त्या पाण्यासाठी थांबत नाहीत. रक्ताची बाटली तेवढी आधी भरून घेतात आणि लगेच औषध सोडतात.